गाडीवर राहायचं तर दुसरी बॅटरी: जानेवारी ते मे २०२५

२०२४ च्या दिवाळीनंतर मी ह्यांच्याबरोबर गाडीवर राहायला लागले. गाडी म्हणजे आमचा २०१९ चा दहा टायरी ट्रक. जाताना बहुतेक कांदा, येताना मिळेल ते भाडं. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घरात एकटीनं बसून करायचं काय, आणि दोघं असलो की क्लीनरचा पगार वाचतो, असा साधा हिशोब होता. मी पूर्वी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचे, त्यामुळे कागदांची भीती नव्हती. वायरींची होती. आता नाशकात आडगावच्या ट्रक टर्मिनलला गाडी उभी असली की कुणी ना कुणी कॅबिनमध्ये डोकावतं, आतला छोटा फ्रिज बघतं आणि "हे कशावर चालतं?" म्हणून विचारतं. दरवेळी उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

फ्रिज हौसेचा नाही. मला इन्सुलिन लागतं. चालू पेन खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे टिकतं, पण ते तापमान तिशीच्या वर गेलं नाही तरच. शिल्लक पेनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. उन्हात उभ्या ट्रकची कॅबिन काय तापते ते सांगायला नको. हिवाळा थर्मासवर निघाला. ढाब्यावरून बर्फ घ्यायचा, पेनं पिशवीत गुंडाळून वर ठेवायची. यातही घोर असतोच, कारण इन्सुलिन एकदा गोठलं की फेकूनच द्यावं लागतं, आणि बर्फाला चिकटलेलं पेन गोठलं की नाही हे नुसतं बघून कळत नाही. उन्हाळ्याआधी काहीतरी सोय करायचीच होती.

आता गाडीतल्या विजेचं. ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, मिळून २४ व्होल्ट. आमच्या १३० अँपिअर-तासांच्या आहेत. कागदावर ही वीज (२४ गुणिले १३०) ३१०० वॉट-तास होते, पंख्याला आणि फ्रिजला भरपूर. पण या बॅटऱ्या सेल्फ मारण्यासाठी बनवलेल्या असतात. आतल्या प्लेटा पातळ, दोन सेकंद जोरात करंट द्यायचा आणि लगेच अल्टरनेटरनं, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रानं, भरून घ्यायचं, हे त्यांचं काम. रोज रात्री अर्ध्यापर्यंत उतरवल्या तर वर्ष-दीड वर्षात बसतात. आणि बसतात कुठे, तर बिजासनच्या घाटाखाली पहाटे, गाडी भरलेली असताना. म्हणून पंखा-फ्रिजसाठी वेगळी, दुसरी बॅटरी बसवायचं ठरवलं.

जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, गाडी आडगाव नाक्याजवळ आमच्या नेहमीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे लावली. मिस्त्री वयस्कर आहेत, ह्यांना लहानपणापासून ओळखतात. त्यांना म्हटलं, आधी गाडी रात्रीत किती खाते ते मोजू. यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. दुकानात 'क्लॅम्प मीटर' एवढंच मागितलं तर स्वस्तातला देतात, तो फक्त एसी मोजतो आणि बॅटरीच्या वायरीला लावला की शून्य दाखवतो. डीसीवाला मला शालिमारला २४०० रुपयांना मिळाला. आधी हाच घ्या. पुढचा सगळा खर्च याच्या आकड्यांवर ठरतो.

मोजताना पहिल्याच दिवशी एक गोष्ट दिसली. गाडी रात्रभर उभी होती. सकाळी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या: एक १२.७ व्होल्ट, दुसरी १२.२. म्हणजे एक भरलेली आणि एक अर्धी. मिस्त्रींनी कॅबिनची पट्टी खोलली आणि पिवळी वायर ओढून दाखवली. टेप आणि मोबाइलचा चार्जर १२ व्होल्टचे, म्हणून आधीच्या मालकानं ते एकाच बॅटरीवरून घेतले होते. निम्म्या गाड्यांत हेच असतं. त्या एका बॅटरीतून वीज जात राहते, अल्टरनेटर मात्र दोन्हींना मिळून २८ व्होल्ट देतो. त्यामुळे खालावलेली बॅटरी कधीच पुरती भरत नाही आणि भरलेली उकळत बसते. "वहिनी, तुम्ही मोजायला लावलं म्हणून दिसलं, नाहीतर आम्ही दोन्ही बॅटऱ्या बदलून दिल्या असत्या," मिस्त्री म्हणाले. एका बॅटरीवरची ती जोडणी काढून टाकली आणि २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर टाकला. दुसरी बॅटरी बसवायची नसली तरी एवढं काम जरूर करून घ्या.

मग रात्रीचा हिशोब मांडला. २४ व्होल्टचे दोन पंखे, प्रत्येकी २० वॉट, नऊ तास: ३६० वॉट-तास. फ्रिज ४५ वॉटचा. त्याचा कॉम्प्रेसर सतत चालत नाही, पण उन्हाळ्यात दिवसातला निम्मा वेळ चालेल असं धरलं: ५४०. दिवे आणि दोघांचे फोन: १००. दिवसाला एकूण १००० वॉट-तास. मंडईत गाडी खाली व्हायला नंबर लागेपर्यंत कधी कधी दोन दिवस जागचं हलता येत नाही, म्हणून २०००. लिथियम बॅटरीही शेवटच्या थेंबापर्यंत पिळायची नाही, ८० टक्के वापरायची. २४ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी प्रत्यक्षात २५.६ व्होल्टची असते. म्हणजे २५६० वॉट-तास, त्याचे ८० टक्के २०४८. बसलं. एवढा हिशोब कागदावर असेल तर दुकानदार तुम्हाला भलतंच काही विकू शकत नाही, आणि ते प्रयत्न करतातच.

इंडक्शन शेगडीचा मोह मलाही झाला होता. १२०० वॉटची शेगडी, तिला मोठा इन्व्हर्टर, एक भाजी-भात केला की बॅटरीचा चौथा हिस्सा संपला. पाच किलोचा सिलिंडर आहे तोच राहू दिला.

फेब्रुवारी चौकश्यांत गेला. द्वारका परिसरातल्या इन्व्हर्टरच्या दुकानांत सगळ्यांनी दोन ट्यूब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला असतात त्या लेड-ॲसिडच्या) बॅटऱ्या सांगितल्या, १५० अँपिअर-तासांच्या. लिथियमपेक्षा स्वस्त पडतात हे खरं. पण दोन्हींचं वजन शंभर किलोच्या वर, पाणी टाकत राहायचं, आणि चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो. त्या आम्ही झोपतो त्या बर्थखाली ठेवायला मी तयार नव्हते. बाहेर चेसिसवर पेटी करून ठेवता येतात, पण ढाब्यावर बाहेरच्या बॅटऱ्या चोरीला जातात हे कुठल्या ड्रायव्हरला नव्यानं सांगायचं? एका दुकानात ई-रिक्षाची लिथियम बॅटरी "सेटिंग करून" देतो म्हणाले. त्या ४८ किंवा ६० व्होल्टच्या असतात, आमच्या कामाच्या नाहीत.

शेवटी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बॅटरी पॅक जोडणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेलो. तिथे तीन गोष्टी विचारल्या आणि तिन्हींची उत्तरं लेखी घेतली. बीएमएस (बॅटरीला सांभाळणारं तिच्या आतलं सर्किट) किती अँपिअरचा, तो किती तापमानाला चार्जिंग बंद करतो, आणि वाहनात बसवली तर वॉरंटी राहते का. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. आधीच्या एका दुकानाच्या वॉरंटी कार्डवर बारीक अक्षरात 'फक्त घरगुती वापरासाठी' असं छापलेलं होतं. इथे वाहनातल्या वापरासह तीन वर्षं लिहून मिळाली. ४६,००० रुपये, जीएसटी धरून. वजन पंचवीस किलोच्या आत, मी एकटी उचलू शकते. थंडीचंही सांगितलं त्यांनी. शून्याच्या खाली या बॅटरीला चार्ज करायचं नसतं, बीएमएसच अडवतो. काश्मीरचं भाडं घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

बिल मात्र आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्यांचं नाव आहे त्यांच्या नावानं घ्या, बॅटरीचा सिरीयल नंबर बिलावर टाकून घ्या. का ते पुढे येईलच.

बॅटरी ठरली, पण ती भरायची कशी हा खरा प्रश्न होता. मिस्त्रींचं म्हणणं, अल्टरनेटरवरून एक जाड वायर आणि मध्ये रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, झालं काम, दोन हजारांत. लेड-ॲसिडला हे चालून जातं. लिथियम बॅटरीचा आतला रोध इतका कमी की ती मिळेल तेवढा करंट ओढून घेते, आणि घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटरला थंड करणारा त्याचा पंखाही मंद असतो. अल्टरनेटर तापून जळतो तो असा. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. तो ठरलेलाच करंट घेतो, आम्ही २० अँपिअरचा घेतला, आणि बॅटरीला हवं तेवढंच व्होल्टेज देतो. त्याला इग्निशनची एक बारीक वायर असते. इंजिन बंद झालं की चार्जर बंद, म्हणजे सेल्फच्या बॅटऱ्यांना कुणी हात लावत नाही.

हा चार्जर नाशकात मिळेना. १० फेब्रुवारीला ऑनलाइन मागवला, १५,५०० रुपये. आठवड्याभरात आला, पेटीवर २४ व्होल्ट, आतल्या प्लेटवर १२ व्होल्ट. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणे "मॅडम, चालेल, लावून बघा." लावून बघितला असता तर परतही घेतला नसता. पेटी उघडतानाचा व्हिडिओ होता म्हणून बदलून मिळाला, पण ६ मार्च उजाडला. तोवर दुपारची ऊनं सुरू झाली होती, थर्मासमधला बर्फ संध्याकाळपर्यंत टिकेना, आणि ह्यांचं सुरू झालं होतं: "दोन पंखे आणि एक डबा, त्याला लाख रुपये?" मी गप्प. लाखाच्या वर जाणार हे तोवर मला कळलेलं होतं.

मधल्या वेळात सोलरचं पाहिलं. कॅबिनच्या टपावर २०० वॉटचं एक पॅनल बसेल असं वाटत होतं. पण दुकानात '१२ व्होल्टचं' म्हणून जे २०० वॉटचं पॅनल मिळतं, ते जास्तीत जास्त बावीस-चोवीस व्होल्ट देतं. २४ व्होल्टची लिथियम बॅटरी भरायला २८-२९ लागतात. पॅनल आणि बॅटरी यांच्या मध्ये लागणारा साधा एमपीपीटी कंट्रोलर व्होल्टेज कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. म्हणजे ते पॅनल भर दुपारीसुद्धा काहीच भरणार नाही आणि बिचाऱ्या माणसाला वाटणार बॅटरीच खराब. आम्ही १०० वॉटची दोन घेतली आणि सिरीजमध्ये जोडली, मिळून कामाचं व्होल्टेज छत्तीस. पॅनलचे ८०००, कंट्रोलरचे ४५००.

आता कागद. आमचं पासिंग, म्हणजे आरटीओतली गाडीची तपासणी, मार्चअखेर होतं. आठ वर्षांच्या आतल्या गाडीला दोन वर्षांनी फिटनेस प्रमाणपत्र काढावं लागतं, आमची पाळी २०२५ मध्ये होती. ज्याला विचारावं तो एकच सल्ला देई, आधी पासिंग काढा, मग गाडीत काय पाहिजे ते करा. मला ते पटेना. नंतर काही जळलं-पेटलं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार. म्हणून पेठ रोडच्या आरटीओत जाऊन आधीच विचारलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मी सोबत एका कागदावर आकृती काढून नेली होती: बॅटरी कुठे, किती किलो, पॅनलची उंची किती, बॉडीच्या वर जातं का. त्या आकृतीनं काम सोपं झालं. उत्तर मिळालं ते असं, की बॉडी, सीट, लांबी-उंची, इंधन यातलं काही बदलत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत आरसीत नोंदीचा प्रश्न दिसत नाही, पण वायरिंग लोंबकळतं राहिलं किंवा टपावरचं काही सैल असलं तर पासिंगला गाडी परत पाठवू. हे आमच्या गाडीपुरतं. बर्थ वाढवणार, कॅबिन कापणार किंवा बॉडीतच घर करणार असाल तर तो बदल मोठा आहे, तुमच्या आरटीओत आधी अर्ज करूनच हात घाला. आणि सगळं मिळून जे पन्नास-साठ किलो वाढतं, ते मालातून कमी धरायचं. वजनकाट्यावर गाडी चढली की तिथे कुणी आकृती बघत नाही.

बसवायला १७ मार्चला घेतलं. दोन दिवसांचं काम, मध्ये १९ तारखेला रंगपंचमी आली. नाशकात रंगपंचमी म्हणजे रहाड, रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद. मिस्त्रींची दोन्ही पोरं सकाळपासून जुन्या नाशकात रहाडीत उड्या मारायला गेली, ती दुसऱ्या दिवशी गुलाबी कानांनी कामावर आली. असो, तो दिवस मी केबलच्या कामात लावला.

केबलवर लोक पैसे वाचवतात. चार्जरपासून गाडीच्या बॅटरीपर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर तार होत होती. ६ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर २० अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या वर वाटेतच जातो. १६ ची घेतली की पाव व्होल्टही जात नाही. १६ ची घेतली. टोकाला लग, म्हणजे बोल्टाखाली कसायची धातूची टोकं, लावायचे तर गॅरेजात छिन्नी-हातोडीनं ठोकतात. नाशिक हे स्विचगिअर आणि पॅनल बनवणाऱ्यांचं गाव, सातपूर-अंबडला गल्लोगल्ली असे कारखाने आहेत. तिथल्या एका पॅनलवाल्या भाऊंकडे तारा घेऊन गेले, त्यांनी हायड्रॉलिक प्रेसवर लग दाबून दिले, वर रबरी बाही चढवून. सगळे मिळून ६०० रुपये. मी घरातल्या वापराचा एमसीबी लावायचं म्हटलं तर त्यांनी हातातलं काम थांबवलं. "ताई, एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीत शून्य येतच नाही. तुमचा एमसीबी ट्रिप होईल आणि आत ठिणगी तशीच पेटत राहील." डीसीचाच ब्रेकर घेतला. फ्यूजचंही त्यांनीच समजावलं. या तारेच्या दोन्ही टोकांना बॅटऱ्या आहेत, म्हणून फ्यूज दोन्ही टोकांना हवा, आणि बॅटरीपासून हातभराच्या आत. फक्त एका बाजूला लावला तर मध्ये तार घासून चेसिसला लागल्यावर दुसऱ्या बाजूची बॅटरी तिच्यात करंट ओततच राहील.

घरी बसवणं आणि ट्रकमध्ये बसवणं यातला फरक २० मार्चला दिसला. इंजिनचं काम निघालं की ट्रकची कॅबिन पुढे झुकवावी लागते. आत जे काही आहे ते सगळं काचेकडे येतं. बॅटरी बर्थखाली नुसती ठेवून चालत नाही. आम्ही लोखंडी ट्रे फरशीला चार बोल्टांनी कसला, वरून आडवी पट्टी, खाली रबर. ट्रे वेल्ड करायचं मिस्त्रींच्या मनात होतं, पण वेल्डिंगचा करंट गाडीच्या कॉम्प्युटरमधून गेला तर कॉम्प्युटर जळतो. करावंच लागलं तर दोन्ही बॅटऱ्यांच्या तारा आणि कॉम्प्युटरचा सॉकेट काढून मगच. बोल्ट बरे. दुसरं, चेसिसवरून कॅबिनमध्ये येणारी तार. कॅबिन सरळ असताना ती छान ताठ दिसत होती. मी म्हटलं, कॅबिन झुकवा. झुकवली. निम्म्यावर येताच तार वीणेसारखी ताणली गेली. कॅबिन तिथेच थांबवली, क्लिपा सोडल्या आणि बिजागरीजवळ हातभर सैल वळण ठेवलं, नालीदार पाइपात घालून, सायलेन्सरपासून लांब. मग पूर्ण झुकवून पुन्हा पाहिली. तुम्ही कुणाकडूनही काम करून घ्या, पैसे देण्याआधी कॅबिन झुकवून बघायला सांगा.

पॅनलसाठी टपाला एकही नवं भोक पाडलं नाही. हवेच्या डिफ्लेक्टरचे बोल्ट होते त्यांवरच अॅल्युमिनियमची चौकट कसली. तार आत घ्यायला आधीचीच अँटेनाची जागा वापरली, रबरी कडी घालून, वरून सिलिकॉन.

संध्याकाळी इंजिन सुरू केलं. क्लॅम्प मीटर चार्जरच्या तारेवर: १९.६ अँपिअर. इंजिन बंद: शून्य. ह्यांनी दोनदा किल्ली फिरवून खात्री केली आणि चहा सांगितला. मजुरी ५००० झाली. केबल, फ्यूज, ब्रेकर, लग आणि किती टक्के वीज उरली ते दाखवणारा मीटर मिळून ७०००. या मीटरवर कंजुषी नको. लिथियमचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत तेवढंच राहतं, त्यावरून काही अंदाज बांधता येत नाही.

२७ मार्चला पासिंग. इन्स्पेक्टर साहेबांनी बर्थ वर करून पाहिलं, ट्रे हलवून पाहिला, "फ्यूज कुठे?" विचारलं, मी दोन्ही दाखवले. बाकी नेहमीचं: रिफ्लेक्टर टेप, स्पीड गव्हर्नर, दिवे. मागचा एक इंडिकेटर लागत नव्हता, तो तिथेच बदलला. गुढीपाडव्याच्या आधी प्रमाणपत्र हातात आलं.

विम्याला जास्त फिरवलं. आमच्या पॉलिसीत नंतर बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंची वेगळी नोंद करावी लागते, नाहीतर चोरी किंवा आगीत त्यांचे पैसे मिळत नाहीत. शाखेतल्या माणसाचं पहिलं उत्तर, "बॅटरी तर गाडीत असतेच, वेगळं काय लिहायचं?" मग ईमेलनं अर्ज, बिलं, फोटो. मग बिलांवर नाव कुणाचं ते बघितलं. इथे ते आरसीवाल्या नावाचं बिल कामाला आलं. मग सर्व्हेअर फोटो काढून गेला. मग शांतता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नोंद झाली. बॅटरी, चार्जर, पॅनल, कंट्रोलर मिळून ७४,००० रुपयांच्या वस्तू, त्यावर ४ टक्के म्हणजे २९६०, वर जीएसटी, एकूण ३४९३. फ्रिज उचलता येतो म्हणून तो यात धरला नाही.

फ्रिज २३,५०० चा, एप्रिलच्या सुरुवातीला घेतला. तेव्हा लासलगाव-पिंपळगावला सगळीकडे एकच विषय, कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क १ एप्रिलपासून उठलं, आता भाव काय होतो. आम्ही त्या गर्दीत रांगेत उभे, आणि मी पहिल्यांदा बर्फाशिवाय. हे कॉम्प्रेसरवाले फ्रिज उणे वीसपर्यंत जातात, म्हणून इन्सुलिनवाल्यांनी सेटिंग ५ अंशांवर ठेवून बटणं लॉक करावीत. मी आत एक साधा थर्मामीटरही टाकला आहे. पेनं तळाला नाही, वरच्या टोपलीत. तळ जास्त गार होतो. गाडी हलते म्हणून फ्रिजला पट्टा आहेच.

एप्रिलमध्ये दिवसभर मोकळ्या उन्हात गाडी उभी असली की पॅनल सहाशे-सातशे वॉट-तास देत होतं, धूळ पुसली असेल तर. तेवढ्यावर फ्रिज निघत होता, पंख्यांपुरतं बॅटरीतून जात होतं. मग मे आला आणि २०२५ चा मे कसा गेला ते कांदेवाल्यांना विचारा. महिनाभर अवकाळी, आणि २६ मे ला मान्सून मुंबईत. त्या दिवसांत पॅनलवर दोनशेही मिळेनात. पण गाडी चालू असली की २० अँपिअरनं पाच-सहा तासांत बॅटरी पुरती भरते, त्यामुळे अडलं नाही. म्हणून पैसे कमी असतील तर चार्जर आधी घ्या, पॅनल नंतर. अडचण झाली ती कडक उन्हात. धुळ्याच्या पुढे भर दुपारी बर्थखालची जागा इतकी तापली की बीएमएसनं चार्जिंग थांबवलं. बर्थच्या फळीला जाळी बसवली आणि दुपारी एक छोटा पंखा खाली फिरवला, मग परत तसं झालं नाही.

सगळं मिळून फ्रिज, मीटर आणि विम्यासह साधारण १,१६,००० रुपये. फ्रिज नको असेल तर बॅटरी निम्म्या ताकदीची पुरेल आणि आकडा बराच खाली येईल.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: यावर एसी चालेल का? नव्यानं बनणाऱ्या ट्रकना कॅबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे, त्यामुळे हे विचारणारे आता वाढलेत. पण गाडीचा एसी इंजिनवर चालतो, इंजिन बंद की तोही बंद, आणि रात्रभर इंजिन चालू ठेवायचं तर तासाला दीड-दोन लिटर डिझेल. इंजिनशिवाय चालणारा २४ व्होल्टचा पार्किंग एसी साधारण ३० अँपिअर घेतो, म्हणजे साडेसातशे वॉट. आमच्या बॅटरीवर पावणेतीन तास. आठ तास झोपायचं तर आहे त्याच्या तिप्पट बॅटरी आणि एसीचे पैसे वेगळे. ह्यांनी हिशोब वाचला आणि पंख्याचं तोंड आपल्याकडे फिरवून घेतलं.